आत्याचे अकरा सेकंद

माऊचं खरं नाव ‘क’वरून होतं, पण घरात ते कुणी वापरत नसे. त्याला कारण तिची आत्या. आत्याला शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’ जमत नसे. ‘ट’ जमत नसे, आणि ‘प’ तर मुळीच नाही. ती अक्षरं तिच्या तोंडात अशी अडकून बसायची की मान पुढे काढून, डोळे घट्ट मिटून कितीही जोर लावला तरी सुटायची नाहीत. ‘म’ मात्र सुरळीत यायचा. म्हणून दुपट्यात गुंडाळलेल्या भाचीला तिनं पहिल्याच दिवशी माऊ करून टाकलं आणि घरानंही मग दुसरं नाव लावलं नाही. गंमत अशी की आत्याचं स्वतःचं नाव ‘प’वरून होतं.

घराखालीच त्यांची लॉन्ड्री होती. पुढे काउंटरवर बाबा. कपडे मोजून घेणं, पावती फाडणं, गिऱ्हाइकाच्या शर्टावरचा डाग बघून “काय, जेवणाशी मारामारी झाली वाटतं?” असं विचारणं, हे सगळं खातं बाबांचं. मागच्या खोलीत वाफेची इस्त्री, लांब टेबल आणि आत्या. मधे छतापासून टांगलेल्या कपड्यांची दाट रांग. गिऱ्हाइकाला पलीकडून फक्त वाफेचा फुसकारा ऐकू यायचा, आणि गाणं.

कारण गाताना आत्या अडखळत नसे. एकदासुद्धा नाही. आणि ती गायची ती गाणी तिचीच असायची, हातातल्या कपड्यावर जुळवलेली. “बाही गं बाही, किती हात हलवशील, आता घडीत निजशील” असलं काहीतरी. ऐकायला पोरखेळ वाटावा, पण चाल अशी की काउंटरवरचा माणूस पावती खिशात घालायची विसरून उभा राहायचा. आवाज थोडा जाडसर, खालच्या सुरात उबदार. कुणी विचारलंच, “कोण गातंय हो?” तर बाबा म्हणायचे, “इस्त्री. नवीन मॉडेल आहे.” आणि विषय तिथंच संपवायचे. माऊला ती बाबांची सवयीची थट्टा वाटायची. ती थट्टा कशासाठी होती ते तिला फार उशिरा कळलं.

माऊला गाता येत नव्हतं, पण गाण्यावाचून चैनही पडत नव्हतं. बारावीनंतर तिनं विद्यापीठात एक जोडअभ्यासक्रम शोधून काढला: अर्धा मार्केटिंग, अर्धा संगीत आणि माध्यम व्यवस्थापन. नाव एवढं लांबलचक की नातेवाइकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आई दवाखान्यात नर्स. तिनं तिथल्या बायकांना समजावून सांगायचा प्रयत्न दोन वेळा केला आणि सोडून दिला. बाबांनी मात्र सोपं करून टाकलं. “मुलगी काय शिकते?” असं कुणी विचारलं की सांगायचे, “गाणी विकायला शिकते. मी धुतो, ती विकेल.”

अभ्यास माऊला मनापासून आवडला. सकाळी मार्केटिंगच्या मॅडम श्रोत्यांचे गट कसे पाडायचे ते शिकवायच्या, दुपारी दुसऱ्या इमारतीत हक्क आणि करार शिकवणारे सर गाणं कुणाच्या मालकीचं असतं ते सांगायचे, आणि मधल्या वेळात स्टुडिओच्या लहानशा खोलीत मुलं माइकची उंची वरखाली करत बसायची. तिथं तिची गट्टी जमली ती एका मुलाशी. गळ्यात चोवीस तास हेडफोन, म्हणून त्याचं नावच हेडफोन पडलं होतं. रेकॉर्डिंग तो करायचा, डोकं माऊ चालवायची.

तिसऱ्या वर्षी दोन्ही विभागांनी मिळून एकच मोठा प्रकल्प दिला. कुणीही न ऐकलेला गायक किंवा वादक शोधायचा, सहा आठवड्यांत त्याला पाच हजार श्रोते मिळवून द्यायचे, आणि जाहिरात विकत घ्यायची नाही. वर्गात सगळ्यांची शोधाशोध सुरू झाली. माऊला शोधावं लागलं नाही.

आत्या आधी नाहीच म्हणाली. म्हणजे मान हलवली. मग माऊनं गळ्यात हात टाकले, “आत्या, कुणी येणार नाही, फक्त मी आणि एक मुलगा. तू तुझी इस्त्री कर. समोर बघायचंसुद्धा नाही.” भाचीचा हट्ट आत्यानं कधी मोडला नव्हता. एका सोमवारी, दुकान बंद असताना, हेडफोन यंत्रं घेऊन आला, टेबलाशी माइक लावला, माऊनं आपल्या फोनचा कॅमेरा सुरू केला, आणि आवाजाची पातळी बघायची म्हणून माऊ सवयीनं बोलून गेली, “हं, नाव सांग तुझं.”

पहिल्या वर्षापासून प्रत्येक गायकाला हेच सांगायचं, असं अंगवळणी पडलं होतं. तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि आत्यानं, पाहुण्या मुलासमोर भाचीची शोभा नको म्हणून असेल, खरंच सांगायचा प्रयत्न केला. ओठ मिटले ते उघडेनात. मानेच्या शिरा ताठल्या. डावा डोळा मिटला. हातातल्या शर्टाची कॉलर तिनं अशी आवळली की ती चुरगळली. हेडफोन मान खाली घालून वायर बघत राहिला. शेवटी आत्यानं श्वास सोडला, ओशाळं हसली, हातानं कॅमेरा झाकल्यासारखं केलं आणि म्हणाली, “थांबव ते.”

माऊनं कॅमेरा बंद केला. मग आत्या गायली, आणि इतकी सुंदर गायली की हेडफोन एक घोट पाणी प्यायला आणि म्हणाला, “पुन्हा नको घ्यायला. झालं हे.”

सरांच्या विषयासाठी संमतीपत्र लागायचं. माऊनं ते दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे केलं. आत्याच्या एका हातात इस्त्री, बाहेर गिऱ्हाइकांची गर्दी, बाबांच्या हाकांवर हाका. पत्रात लिहिलं होतं: ‘आवाज, चित्रीकरण आणि संबंधित सर्व सामग्री.’ आत्यानं न वाचता सही केली. माऊनं वाच म्हटलं नाही. तेव्हा तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे खरं. पण ‘संबंधित सर्व सामग्री’ या शब्दांवर तिची नजर क्षणभर थांबली होती, हेही खरं. आणि पुढे कितीतरी वर्षं ती स्वतःकडे त्या एका क्षणाचाच हिशेब मागत राहिली.

गाण्याचं चित्रीकरण इंटरनेटवर टाकलं. दोन आठवड्यांत दोनशे बारा लोकांनी ऐकलं, त्यातले निम्मे वर्गातले. माऊचं तोंड उतरलं. मॅडमनी तिला खोलीत बोलावून घेतलं, व्हिडिओ बघितला. बाई वाईट नव्हत्या, मुलांसाठी जीव टाकायच्या.

“गाणं छान आहे गं,” त्या म्हणाल्या, “पण मी का थांबू? रोज शंभर बायका छान गातात माझ्या फोनवर. पहिल्या तीन सेकंदांत मला अंगठा पुढे सरकवू देणार नाही असं काहीतरी दे. ही बाई कोण आहे? हिची गोष्ट काय?”

जिना उतरताना माऊला उत्तर सापडलं होतं. फोनमध्ये ते होतंच. आवाजाच्या चाचणीचा तो तुकडा तिनं पुसला नव्हता.

हेडफोन म्हणाला, “आत्यांना विचारलंस?”

“सही आहे ना त्यांची.”

“सही आहे गं. विचारलंस का?”

“दाखवीन नंतर. खूश होईल बघ. लोकांना कळेल तरी, किती अवघड आहे तिला आणि तरी ती कशी गाते.” हे बोलताना तिला ते पटतही होतं. हेडफोननं तुकडा जोडून दिला. अकरा सेकंद. मिटलेले ओठ, ताठलेली मान, चुरगळणारी कॉलर. त्यावर माऊनं पांढऱ्या अक्षरांत ओळ टाकली: ‘हिला स्वतःचं नाव सांगता येत नाही.’ आणि मग गाणं.

‘थांबव ते’ एवढे शब्द तिनं कापले. वेळ जात होता त्यात.

दोन दिवसांत तीन लाख लोकांनी बघितलं. माऊचा फोन हातात धरवेना, इतका थरथरत होता. कुणी रडून लिहीत होतं, कुणी हात जोडत होतं. मॅडमनी वर्गात आकडा फळ्यावर लिहिला. घरात मात्र माऊनं आत्याला एवढंच सांगितलं, “खूप लोकांना आवडलं गाणं.” आत्या लाजली, आणि त्या दिवशी तिनं दोन पडद्यांवर एक नवीन गाणं रचलं. आत्याकडे साधा फोन होता. बाबांना व्हिडिओ बघायचा नाद नव्हता. आई म्हणाली, सुट्टीच्या दिवशी निवांत बघते.

मंगळवारी माऊ विद्यापीठातून आली तेव्हा बाबा हॉटेलच्या चादरी पोचवायला गेले होते. अशा वेळी ते दाराला ‘दहा मिनिटांत येतो’ची पाटी लावून जायचे. त्या दिवशी विसरले. काउंटरसमोर एक बाई उभी होती. नीटनेटकी, प्रेमळ चेहऱ्याची. तिनं हाका मारल्या असाव्यात, कारण आत्या कपड्यांच्या रांगेतून अर्धी बाहेर आली होती. बाईनं फोन वर धरला होता.

“तुम्हीच ना त्या व्हिडिओतल्या? माझ्या मुलींना दाखवायचंय हो. एकदा सांगा ना तुमचं नाव. सावकाश सांगा, मी थांबते.”

आणि ती थांबली. अगदी मायेनं, मान तिरकी करून, फोन न हलवता.

आत्यानं ओठ मिटले. तीच मान, तोच डोळा. तिला आत पळता आलं असतं, पण गिऱ्हाइकासमोरून पळायचं कसं, या भिडेनं ती काउंटरची कड धरून उभी राहिली. माऊ दारात होती. दोन पावलांवर. तिनं पुढे व्हायचं, त्या बाईचा हात खाली करायचा, एवढंच काम होतं. पण त्या क्षणी माऊच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: श्रोते प्रत्यक्ष दुकानापर्यंत येताहेत, हे अहवालात घालायला हवं.

विचार आला आणि तिची तिलाच लाज वाटली. तोवर आत्यानं तिला बघितलं होतं. आत्याची नजर बाईच्या फोनवरून माऊकडे आली, पुन्हा फोनवर गेली, आणि तिला सगळं कळलं. तिनं काउंटर सोडला आणि ती आत गेली. टांगलेले कोट बराच वेळ हलत राहिले.

बाई गेल्यावर माऊ मागच्या खोलीत गेली. आत्या इस्त्रीचं बटण बंद करून उभी होती.

“दाखव,” आत्या म्हणाली.

माऊनं दाखवलं. आत्यानं सगळं पाहिलं, गाण्यासकट. मग बोलायला तिला वेळ लागला, आणि तो सगळा वेळ माऊला जमिनीकडे बघत काढावा लागला.

“माऊ, मी थांबव म्हणाले होते.”

बस. एवढंच. ओरडली असती, रडली असती, तर माऊला काहीतरी म्हणता आलं असतं.

बोलले ते बाबा, संध्याकाळी, शटर अर्धं ओढून. आवाज चढवला नाही. “ताई शाळेत का नाही शिकली, ठाऊक आहे तुला?”

“तिला आवड नव्हती, तूच म्हणायचास.”

“मीच म्हणायचो. सातवीत एक मास्तर आले. हजेरी घेताना ‘उपस्थित’ म्हणायचं नाही, उभं राहून आपलं नाव सांगायचं, असा त्यांचा नियम. रोज. रोज चाळीस पोरं तिच्याकडे बघत बसायची. मी चौथीत होतो, खिडकीतून बघायचो. तीन महिने गेली ती, आणि मग एक दिवस दप्तर ठेवलं ते ठेवलंच.” बाबांनी पावतीपुस्तकाचा कोपरा सारखा केला. “म्हणून मी पुढे उभा राहतो, माऊ. मला काही काउंटरची हौस नाही.”

माऊला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काढते,” ती म्हणाली. “आत्ताच काढते बाबा.”

आणि काढला नाही.

हे तिनं पुढे फार थोड्या माणसांना सांगितलं. शुक्रवारी सादरीकरण होतं. व्हिडिओ उतरवला असता तर आकडे दाखवता आले नसते. तिनं स्वतःची समजूत घातली: तीन लाखांनी बघितलं, आणखी तीन दिवसांनी काय फरक पडतो? बुधवारी आत्यानं जेवताना भुवया उंचावून विचारलं, आणि माऊ म्हणाली, “हो, काढला.” आत्यानं विश्वास ठेवला. तिच्याकडे बघायला फोनच नव्हता.

शुक्रवारी वर्ग भरला होता. मॅडमनी पडद्यावर ते अकरा सेकंद दोनदा लावले. दुसऱ्यांदा लावताना त्या मुलांना म्हणाल्या, “बघा, इथं कुणी अंगठा पुढे सरकवू शकेल का?” मग करार शिकवणाऱ्या सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “या पहिल्या भागाला संमती होती?”

माऊनं आदल्या रात्री ठरवलं होतं की विचारलं तर खरं सांगायचं. तिच्या तोंडून आलं, “हो सर. सही आहे.”

सरांनी कागद बघितला. कागद बरोबरच होता. हेडफोन शेजारी बसला होता; तो खुर्चीत किंचित पलीकडे सरकला. वर्गात सर्वांत जास्त गुण माऊला मिळाले.

संध्याकाळी तिनं व्हिडिओ उतरवला, आणि तेव्हा कळलं की आता ते तिच्या हातात राहिलंच नव्हतं. कुणी त्या तुकड्याला ढोलकं जोडलं होतं, कुणी तोच चेहरा करून हसवत होतं. तीस-चाळीस ठिकाणी तिनं विनंत्या पाठवल्या. चार जणांनी काढलं. एकानं उत्तर दिलं, ‘मूळ तर तुमचंच आहे ना?’

माऊ खोटं बोलली हे आत्याला शेवटी कळलंच. शेजारच्या घड्याळजीनं ढोलकं जोडलेला तो तुकडा कौतुकानं आणून दाखवला, आणि मूळ व्हिडिओ शुक्रवारपर्यंत होता हेही सांगितलं. ती माऊवर चिडली नाही. पूर्वीसारखीच तिच्या ओढण्यांना इस्त्री करून ठेवायची, सर्दी झाली की वाफेचं पातेलं पुढे सरकवायची. फक्त मागच्या खोलीत आता रेडिओ लागला. गिऱ्हाईक विचारायचं, “गाणं बंद झालं वाटतं?” बाबा म्हणायचे, “मॉडेल जुनं झालं,” आणि पावती फाडायचे. हसायचे नाहीत.

पदवी मिळाली. एका मोठ्या संगीत कंपनीनं मुलाखतीला बोलावलं ते त्या व्हिडिओमुळेच. माऊनं नोकरी घेतली. नको म्हणायचं धाडस झालं नाही, आणि घरी कारण काय सांगणार? तिथं तिला ‘अकरा सेकंदवाली’ म्हणत, कौतुकानंच. प्रत्येक नव्या गायकाची फाइल तिच्या टेबलावर यायची, सोबत एक चिठ्ठी: ‘ह्याचं दुखणं काय आहे बघ.’ एका वादकाच्या आईचं नुकतंच निधन झालं होतं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, “वा, हे चांगलं आहे.” माऊनं मान हलवली. नंतर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत बसली. दीड वर्षानं तिनं राजीनामा दिला आणि शहरातल्या सरकारी ग्रंथालयात ध्वनिसंग्रहाच्या विभागात लागली. म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या आठवणी आवाजात नोंदवायच्या, त्यांना पूर्ण ऐकवायच्या, मग कपाटात ठेवायच्या. ऐकणारे महिन्याला पाच-सहा. बाबा आता लोकांना सांगतात, “मुलगी आवाज सांभाळते.”

ग्रंथालयात लागल्यानंतर एका दुपारी आत्यानं अचानक विचारलं, “माऊ, गाण्याबद्दल लोकांनी लिहिलं होतं?”

“कशाबद्दल?”

“गाण्याबद्दल. नुसत्या.”

माऊनं व्हिडिओ उतरवण्याआधी सगळे अभिप्राय जतन केले होते, अहवालासाठी. नऊ हजारांवर होते. तिला पंधरा दिवस लागले. नऊ हजारांत ‘बिचारी’ होतं, ‘धन्य’ होतं, डोळे पुसणारी चित्रं होती. फक्त गाण्याबद्दल लिहिलेले निघाले अडतीस. ते तिनं वहीत हातानं उतरवले आणि आत्यासमोर बसून वाचले. एका शिंप्यानं लिहिलं होतं, ‘बाईंनी बाही आधी दुमडलेली दिसते. आधी खांदा दुमडायचा, मग बाही. बाकी चाल फार गोड, दिवसभर मशीनवर तीच चालली आहे.’

आत्या खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी. “अजून एकदा वाच,” म्हणाली. माऊनं पुन्हा वाचलं. मग आत्यानं वही मागून घेतली.

माऊला वाटलं, झालं, आता माफी मागायची हीच वेळ. “आत्या, मी…” तिनं सुरुवात केली, आणि पुढचा शब्दच येईना. आत्या वाट बघत राहिली. घाई केली नाही, मदतीला शब्द दिला नाही, चेहरा प्रेमळही केला नाही. नुसती इस्त्रीवर हात ठेवून थांबली, जसं आपल्यासाठी कुणी थांबावं असं तिला जन्मभर वाटलं असेल. शेवटी माऊ म्हणाली, “मी चुकले.” आत्यानं मान डोलावली. चुकली नाहीस, असं काही ती म्हणाली नाही.

हल्ली कधीकधी मागच्या खोलीतला रेडिओ बंद असतो आणि आत्या गुणगुणत असते, असं बाबा सांगतात. माऊनं ते ऐकलेलं नाही. ती कामावरून येते तेव्हा लॉन्ड्रीच्या पायऱ्यांवर पाय मुद्दाम जोरात आपटते, किल्ल्या वाजवते, गरज नसताना खाकरते. आत्याला गाणं थांबवायला पुरेसा वेळ मिळावा, म्हणून.